स्पाइक मिलिगनची ‘क्यू’: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बीबीसीच्या जुन्या विनोदी मालिकांचा विषय निघाला की मॉन्टी पायथन, फॉल्टी टॉवर्स, येस मिनिस्टर ही नावं लगेच पुढे येतात. ‘क्यू’चं नाव क्वचितच कुणी घेतं. खुद्द इंग्लंडमध्येही ती आता जुन्या विनोदाचा नाद असलेल्यांपुरतीच उरली आहे. आपल्याकडच्या वाचकांना तिच्याविषयी कुतूहल वाटतं ते बहुतेक वेळा एका वेगळ्याच कारणाने: ती लिहिणारा आणि गाजवणारा माणूस अहमदनगरचा. हे कुतूहल योग्यच आहे, पण मालिका त्याहून मोठी आहे. टीव्हीवरच्या विनोदाला शेवट लागतोच असं नाही, हे तिने पहिल्यांदा करून दाखवलं, असं माझं ठाम मत आहे. पुढची बरीचशी उत्तरं त्याच मताच्या आधाराने लिहिली आहेत.

‘क्यू’ ही नेमकी कोणती मालिका?

स्पाइक मिलिगनने लिहिलेली आणि स्वतःच मध्यवर्ती कामं केलेली ही प्रहसनांची मालिका. ती बीबीसी टू या वाहिनीवर १९६९ ते १९८२ या काळात अधूनमधून लागत असे. प्रत्येक भाग अर्ध्या तासाचा. एकूण सहा पर्वं झाली. पहिल्याचं नाव ‘क्यू ५’. ते २४ मार्च १९६९ रोजी सुरू झालं. त्यानंतर ‘क्यू ६’ (१९७५), ‘क्यू ७’ (१९७८), ‘क्यू ८’ (१९७९) आणि ‘क्यू ९’ (१९८०). सहावं पर्व १९८२ मध्ये ‘देअर्स अ लॉट ऑफ इट अबाउट’ या वेगळ्याच नावाने आलं. पहिल्या आणि तिसऱ्या पर्वात सात भाग होते, बाकीच्यांत सहा. लेखनात मिलिगनचा मुख्य जोडीदार नील शँड हा होता.

पहिलंच पर्व ‘५’ कसं? आधीचे चार कुठे गेले?

आधीचे चार नव्हतेच. क्युनार्ड कंपनीचं ‘क्वीन एलिझाबेथ २’ हे प्रचंड प्रवासी जहाज स्कॉटलंडमध्ये क्लाइडबँकच्या गोदीत बांधलं जात होतं, तेव्हा त्याला नाव मिळेपर्यंत ‘क्यू ४’ म्हणत. १९६७ च्या सप्टेंबरात ते पाण्यात उतरलं आणि वर्तमानपत्रांत त्याची खूप चर्चा झाली. त्याच्या पुढचा आकडा म्हणून मिलिगनने ‘क्यू ५’ घेतला, असं सांगितलं जातं. दुसरंही एक स्पष्टीकरण आहे. बीबीसीचे तंत्रज्ञ चित्राचा आणि आवाजाचा दर्जा आकड्यांत मोजत. त्या मोजपट्टीवर पाच म्हणजे अतिशय खराब आणि सहा म्हणजे सगळंच बंद. मला पहिलं स्पष्टीकरण जास्त पटतं, पण दुसरं मालिकेच्या स्वभावाला शोभून दिसतं हेही खरं.

मिलिगन खरोखर अहमदनगरचा होता का?

हो. टेरेन्स अ‍ॅलन मिलिगन याचा जन्म १६ एप्रिल १९१८ रोजी अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला झाला. वडील लिओ मिलिगन आयर्लंडच्या स्लायगो भागातले, ब्रिटिश लष्कराच्या तोफखान्यात नोकरीला. आई फ्लॉरेन्स इंग्लिश. नगर ही लष्करी छावणी होती आणि वडिलांच्या बदल्यांबरोबर घर हलत असे. त्याचं लहानपण मुख्यतः पुण्यात आणि नंतर रंगूनला गेलं. पुण्याच्या कॅम्पातल्या कॉन्व्हेंट ऑफ जीझस अँड मेरीमध्ये तो शिकला. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला कुटुंब इंग्लंडला परतलं. आग्नेय लंडनच्या धुक्यात आणि गरिबीत या मुलाला पुण्याचं ऊन कायम आठवत राहिलं, आणि मुलाखतींमधून तो त्याबद्दल आयुष्यभर बोलत आला.

पुण्याच्या शाळेतला एक प्रसंग तो आवर्जून सांगत असे. नाताळच्या नाटकात त्याला विदूषकाचं काम मिळालं होतं. शेवटच्या प्रवेशात बाळ येशूच्या गव्हाणीभोवती सगळे जमतात, तिथे विदूषकाने यायचं नाही असं त्याला बजावलं होतं. तो तरीही पुढे घुसला, कारण विदूषकालाही त्या जागी उभं राहण्याचा हक्क आहे असं त्याला वाटलं. ‘क्यू’ बघताना हा प्रसंग मला फार उपयोगी पडतो. जिथे आपल्याला बोलावलेलं नाही तिथे जाऊन उभं राहायचं, हा त्याच्या विनोदाचा गाभा शेवटपर्यंत तसाच राहिला.

घरातही रंगभूमीचं वातावरण होतं. वडिलांना गाण्यानाचण्याची आणि सोंगं काढण्याची मनस्वी हौस होती. छावण्यांमधल्या करमणुकीच्या कार्यक्रमांत ते रंगमंचावर उभे राहत. म्हणजे मिलिगनच्या विनोदाची पहिली शाळा आपल्याच भागातल्या लष्करी छावण्यांमध्ये भरली होती.

मग त्याला भारतीय म्हणायचं, ब्रिटिश की आयरिश?

कागदोपत्री तो आयरिश होता. ब्रिटनसाठी युद्धात लढलेल्या या माणसाच्या नागरिकत्वाचा प्रश्न १९६० च्या सुमारास उभा राहिला, कारण जन्म भारतात आणि वडील आयर्लंडचे. ब्रिटिश सरकारने पासपोर्टसाठी घातलेल्या अटी त्याला अपमानास्पद वाटल्या आणि १९६२ पासून तो आयर्लंडचा नागरिक झाला. म्हणूनच पुढे त्याला मिळालेला नाइटहुडचा बहुमान हा मानद होता. भारतीय म्हणून त्याच्यावर हक्क सांगणं मला बरोबर वाटत नाही. तो साहेबाच्या छावणीत वाढलेला मुलगा होता. इथे रमला, पण राज्यकर्त्यांच्या बाजूने. ही गोष्ट पुढे ‘पाकिस्तानी डालेक’ या प्रहसनाच्या प्रश्नात महत्त्वाची ठरते.

भागात नेमकं काय असायचं?

गोष्ट सांगून ‘क्यू’ समजत नाही, पण प्रयत्न करतो.

एखादं प्रहसन अगदी ओळखीच्या जागी सुरू होतं: दवाखाना, दुकान, पोलीस ठाणं, बातम्यांचा स्टुडिओ. दोन माणसं बोलू लागतात. एकाने खोटं, भलंमोठं नाक लावलेलं असतं आणि त्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. संभाषण कुठल्यातरी भलत्याच शब्दाला अडखळतं आणि तिकडेच वाहत जातं. मध्येच एखादा तिसरा इसम विचित्र टोपी घालून येतो आणि निघून जातो. आणि आता काहीतरी जोरदार वाक्य येणार, टाळ्या पडणार, असं वाटतं नेमक्या त्या क्षणी सगळे थांबतात. नट आपली भूमिका टाकून देतात, कॅमेऱ्याकडे तोंड करतात आणि एकेक पाऊल टाकत पुढे येत एकसुरात म्हणतात, “आता आपण काय करायचं? आता आपण काय करायचं?” तेवढ्यावर प्रहसन संपतं.

आज हे कदाचित धक्कादायक वाटणार नाही. १९६९ मध्ये ते होतं. त्या काळच्या विनोदी कार्यक्रमांचा सगळा डोलारा शेवटच्या ओळीवर उभा असे. दोन मिनिटं तयारी करायची, मग पंचलाइन, मग वाद्यवृंदाचा ठेका, मग पुढचं प्रहसन. चांगल्या कल्पना केवळ चांगला शेवट सुचत नाही म्हणून कचऱ्यात जात, आणि बऱ्या कल्पनांना ओढूनताणून शेवट चिकटवले जात. मिलिगनने सरळ विचारलं की मधला भाग जर हसवतो आहे तर शेवट हवाच कशाला? कल्पना संपली की थांबायचं. हा आळस होता असं म्हणणारे टीकाकार तेव्हाही होते, आजही आहेत. काही भागांत तो आळस आहेच, ते मी नाकारत नाही. पण चांगल्या भागांत प्रेक्षकाच्या डोक्यातली एक सवय मोडते: शेवटाची वाट बघण्याची. ती मोडली की माणूस प्रत्येक क्षणाकडे नव्याने बघू लागतो.

दुसरी गोष्ट म्हणजे टीव्हीचा आतला सांगाडा उघडा टाकणं. नटांच्या कपड्यांवर बीबीसीच्या वेशभूषा विभागाच्या चिठ्ठ्या तशाच लटकत असत आणि त्या मुद्दाम ठेवलेल्या असत. नेपथ्याच्या भिंती संपतात तिथपर्यंत कॅमेरा जाई. नट हसू आवरू शकत नाहीत असे क्षण कापून टाकलेले नसत. मिलिगन स्वतः तर सारखाच फुटायचा. रेडिओवर आवाजांनी जे जग त्याने उभं केलं होतं ते टीव्हीवर उभं करण्याऐवजी, टीव्ही हाच किती तकलादू आहे हे तो दाखवत बसला. प्रेक्षकाला फसवायचं नाही, फसवण्याची सगळी यंत्रणा त्याच्यासमोर मांडून ठेवायची, असा तो व्यवहार होता.

मधूनमधून गाणीही असत. नंतरच्या पर्वांत एड वेल्च या संगीतकाराबरोबर त्याने केलेली काही गाणी चक्क हळवी आहेत. या धुमाकुळात ती गाणी कशाला, असा प्रश्न पडतो. मला वाटतं ती असायलाच हवी होती. मिलिगन मुळात जॅझ वाजवणारा माणूस, युद्धाआधी ट्रम्पेट वाजवून पैसे कमावणारा, आणि त्याच्या विनोदाखाली एक उदास सूर सतत चालू असतो.

यात आणखी कोण कोण काम करत असे?

जॉन ब्लुथल हा मिलिगनचा सर्वांत भरवशाचा साथीदार. कुठल्याही देशाचा हेल काढू शकणारा ऑस्ट्रेलियन नट. शिवाय डेव्हिड लॉज, पीटर जोन्स, बॉब टॉड, कीथ स्मिथ, रिटा वेब, पियानोवादक अ‍ॅलन क्लेअर आणि ज्युलिया ब्रेक. ब्लुथलकडे नीट लक्ष द्या. मिलिगन वाहवत जातो तेव्हा प्रहसन हातात धरून ठेवायचं काम बहुतेक वेळा तो करतो.

मॉन्टी पायथनने सगळं ‘क्यू’वरून उचललं का?

हा सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे, म्हणून तारखांपासून सुरुवात करू. ‘क्यू ५’ मार्च ते मे १९६९ मध्ये लागलं. ‘मॉन्टी पायथन्स फ्लाइंग सर्कस’चा पहिला भाग ५ ऑक्टोबर १९६९ ला लागला. म्हणजे पायथनमंडळी आपला कार्यक्रम कसा असावा याचा खल करत होती नेमक्या त्याच दिवसांत मिलिगन त्यांच्या डोळ्यांसमोर ते करून मोकळा झाला होता. त्यांच्यातल्या टेरी जोन्स आणि मायकेल पेलिन यांनी हे कधी लपवलं नाही. आपण जे करायचं म्हणतो आहोत ते मिलिगनने आधीच करून टाकलं, या जाणिवेने ते हादरले होते, आणि त्यांनी पुढच्या काळात अनेकदा तसं सांगितलं. त्यांनी ‘क्यू ५’च्या श्रेयनामावलीत दिग्दर्शक कोण ते पाहिलं आणि आपल्याला हाच माणूस हवा असं ठरवलं. तो इयन मॅकनॉटन. पहिल्या काही भागांचं स्टुडिओतलं काम जॉन हॉवर्ड डेव्हिस याने सांभाळलं, मग मॅकनॉटनने सूत्रं घेतली आणि तो पायथनचा दिग्दर्शक म्हणूनच ओळखला जाऊ लागला.

तरीही ‘उचललं’ हा शब्द मला अन्यायाचा वाटतो. मिलिगनने शेवट काढून टाकला आणि तिथे एक भोक ठेवलं. नट पुढे येऊन “आता काय करायचं?” विचारतात, हे त्या भोकाचंच प्रामाणिक दर्शन होतं. पायथनने त्या भोकातून पुढे जाण्याची वाट शोधली. त्यांच्यातल्याच टेरी गिलियम याने आधी एका मुलांच्या कार्यक्रमासाठी हत्तींचं एक अ‍ॅनिमेशन केलं होतं, त्यात एका गोष्टीतून दुसरी गोष्ट सहज उगवत जाई. जोन्सच्या डोक्यात ‘क्यू ५’ आणि ते अ‍ॅनिमेशन एकत्र आलं. प्रहसन अर्ध्यात सोडायचं, पण ते सोडताना पुढच्यात वाहत न्यायचं. त्यामुळे पायथनचा अर्धा तास एका दमात वाहतो आणि ‘क्यू’चा अर्धा तास ठेचकाळत जातो.

फरक माणसांचाही होता. पायथनमध्ये सहा जण होते. लिहिलेलं एकमेकांना वाचून दाखवत आणि बाकीचे हसले नाहीत तर ते बाद होई. मिलिगनच्या लिखाणाला अशी कठोर गाळणी कधीच मिळाली नाही. त्याच्या एका भागात एक अशी कल्पना येते की तुम्ही जागचे उठून बसता, आणि तिच्या आगेमागे तीन अशा येतात की ज्या कुणीतरी थांबवायला हव्या होत्या.

मिलिगनला याची बोच होती. सगळं श्रेय पुढच्या पिढीला गेलं असं त्याला वाटे आणि ते तो बोलूनही दाखवी. पण पायथनमंडळींचं त्याच्यावर प्रेम होतं. १९७८ मध्ये ट्युनिशियात त्यांच्या ‘लाइफ ऑफ ब्रायन’ या चित्रपटाचं चित्रीकरण चालू होतं तेव्हा मिलिगन योगायोगाने तिथेच होता, आपल्या युद्धातल्या जुन्या जागा बघायला आलेला. त्यांनी त्याला लगेच एक छोटं काम दिलं. जेवणाच्या सुट्टीनंतर उरलेले शॉट्स घ्यायचे तर हा माणूस निघून गेलेला. जे चित्रित झालं होतं तेवढंच चित्रपटात आहे.

‘क्यू’ म्हणजे ‘गून शो’चंच टीव्हीरूप का?

नाही, पण मुळं तिथलीच. ‘द गून शो’ हा बीबीसी रेडिओवरचा कार्यक्रम १९५१ ते १९६० चालला. मिलिगन लिहायचा, पीटर सेलर्स आणि हॅरी सीकम त्याच्याबरोबर, सुरुवातीला मायकेल बेन्टिनही. त्यात लालकाका आणि बॅनर्जी नावाची दोन भारतीय पात्रं होती, त्यांचे आवाज सेलर्स आणि मिलिगन काढत. पुण्याच्या बालपणातली हिंदुस्तानी अशी रेडिओवर पोचली होती. ‘गून शो’ चालू असतानाच, १९५६ मध्ये, रिचर्ड लेस्टर या दिग्दर्शकाबरोबर ‘अ शो कॉल्ड फ्रेड’ आणि ‘सन ऑफ फ्रेड’ हे दोन प्रयोग त्याने टीव्हीवर केले होते. नेपथ्य उघडं टाकण्याची सुरुवात तिथली. ‘क्यू’ त्या प्रयोगांचं मोठं, अधिक बेफिकीर अपत्य आहे.

पहिल्या पर्वाचे भाग मिळत का नाहीत?

कारण बहुतेक पुसले गेले. त्या काळी कार्यक्रम दोन इंच रुंदीच्या व्हिडिओटेपवर ध्वनिमुद्रित आणि चित्रित होत. टेप महाग होती आणि पुन्हा वापरता येई. कलावंतांच्या संघटनेशी झालेल्या करारांमुळे कार्यक्रम फारसे पुनःप्रक्षेपित करता येत नसत, घरोघरी व्हिडिओ यायला अजून बरीच वर्षं होती, म्हणून जुना कार्यक्रम सांभाळण्यात कुणाला फायदा दिसत नव्हता. एकदा दाखवलं, पुसलं, वर दुसरं घेतलं. १९७८ च्या सुमारास बीबीसीने कायमस्वरूपी संग्रहाचं धोरण आखलं, तोवर असंख्य कार्यक्रम गेलेले होते. ‘क्यू ५’ हे त्यातलंच एक. सात भागांपैकी मोजकेच वाचले आहेत.

या हानीचं मोजमाप करणं अवघड आहे. विनोदाच्या इतिहासात ज्या पर्वाने सर्वांत मोठा बदल घडवला, नेमकं तेच बघायला मिळत नाही. लोक ‘क्यू’ म्हणून जे बघतात ते बहुतेक सत्तरच्या दशकातलं असतं, तेव्हा पायथन येऊन गाजून गेलेलं होतं. त्यामुळे आज पहिल्यांदा बघणाऱ्याला मिलिगनच पायथनची नक्कल करतो आहे असं वाटतं. हा उलटा समज मालिकेच्या विस्मरणाला बराच कारणीभूत आहे.

‘क्यू ५’ आणि ‘क्यू ६’ यांमध्ये सहा वर्षं का गेली?

बीबीसीचा मिलिगनवर विश्वास होता तेवढीच त्याची धास्तीही होती. तो वेळापत्रक, खर्च, सेन्सॉर या कशालाच जुमानत नसे आणि अधिकाऱ्यांना जाहीरपणे बोल लावत असे. त्या मधल्या वर्षांत त्याने दुसरंही भरपूर केलं. १९७१ मध्ये त्याच्या युद्धाच्या आठवणींचा पहिला खंड निघाला आणि तुफान खपला. पण मालिकेचं नुकसान झालंच. सहा वर्षांची खिंड पार करून आलेल्या मालिकेला पुन्हा नवा प्रेक्षक जमवावा लागतो.

डालेकचं ते प्रहसन काय आहे, आणि मालिका वर्णद्वेषी आहे का?

‘क्यू ६’मध्ये, १९७५ साली, ‘पाकिस्तानी डालेक’ हे प्रहसन होतं. डालेक म्हणजे ‘डॉक्टर हू’ या विज्ञानमालिकेतले यंत्रासारखे, सगळ्यांचा नाश करत सुटणारे शत्रू. इथे असा एक डालेक पगडी घालून, दिवसभराचं काम आटोपून घरी येतो. त्याची बायको इंग्लिश आहे. तो घरातल्या मंडळींना एकेक करून उडवतो आणि प्रत्येकाला आमटीत, म्हणजे इंग्लिश लोक ज्याला करी म्हणतात त्यात, टाकायला सांगतो. ‘क्यू’मधलं सर्वांत जास्त आठवलं जाणारं प्रहसन हेच, आणि मालिका पुन्हा दाखवताना अडचणीचं होतं तेही हेच.

माझं उत्तर सरळ आहे: हो, मालिकेत वर्णद्वेष आहे आणि तो एका प्रहसनापुरता नाही. गोरे नट चेहऱ्याला रंग फासून आशियाई आणि आफ्रिकी माणसांची सोंगं काढतात, हेल काढण्यातच विनोद संपतो. १९७० च्या दशकात ब्रिटनमध्ये दक्षिण आशियाई कुटुंबांवर रस्त्यात हल्ले होत होते, नॅशनल फ्रंट या वंशवादी पक्षाचे मोर्चे निघत होते. अशा वेळी कामावरून घरी येणारा पाकिस्तानी माणूस हा परग्रहावरचा हिंस्र जीव म्हणून दाखवणं निरुपद्रवी नव्हतं.

मिलिगनचे चाहते एक बचाव करतात: तो भारतात जन्मला, त्याचं या लोकांवर प्रेम होतं, म्हणून त्याला मुभा आहे. हा बचाव मला मान्य नाही. आया, शिपाई, बाजारातले लोक यांच्यात तो वाढला हे खरं, त्यांच्याविषयी त्याला आपुलकी होती हेही खरं. पण छावणीतल्या साहेबाच्या मुलाची आपुलकी आणि बरोबरीचं नातं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्याच्या विनोदातले भारतीय आणि पाकिस्तानी हे कानांनी टिपलेले आहेत. त्यांचा हेल अचूक आहे, माणूस मात्र आत नाही. आपल्याच गावात जन्मलेल्या माणसाबद्दल हे लिहिताना वाईट वाटतं, तरी ते लिहिलंच पाहिजे.

दुसरी खटकणारी बाजू बायकांच्या चित्रणाची. ज्युलिया ब्रेक ही टायमिंग अचूक असलेली नटी होती, पण तिला बहुतेक वेळा कमी कपड्यांत उभं करण्यापलीकडे काही दिलेलं नाही. ज्या माणसाने टीव्हीचे इतके संकेत मोडले त्याला हा एक संकेत मोडावासा वाटला नाही.

‘करी अँड चिप्स’ हीच मालिका का?

नाही. ती आयटीव्ही या खाजगी वाहिनीवरची वेगळी मालिका, १९६९ च्या शेवटी आलेली, लेखक जॉनी स्पेट. मिलिगनने तीत अर्धा आयरिश, अर्धा पाकिस्तानी कामगार रंगवला होता. सहा भागांनंतर नियामक संस्थेच्या आदेशावरून ती बंद पडली.

शेवटच्या पर्वाचं नाव का बदललं?

‘क्यू’ या अक्षराने प्रेक्षक गोंधळतात, असं बीबीसीचं म्हणणं होतं. तेरा वर्षांनी ते त्यांच्या लक्षात आलं याचं मला आश्चर्य वाटतं.

मिलिगनच्या आजाराचा या विनोदाशी काय संबंध?

१९४४ च्या जानेवारीत इटलीत, मोन्टे कॅसिनोच्या परिसरातल्या लढाईत तो उखळी तोफेच्या माऱ्यात जखमी झाला आणि मनानेही कोलमडला. ‘गून शो’च्या काळात, दर आठवड्याला एक नवा भाग लिहिण्याच्या ताणाखाली, त्याला पहिला मोठा झटका आला आणि रुग्णालयात ठेवावं लागलं. नैराश्य आणि उन्मादाचे झटके त्याला जन्मभर येत राहिले. त्या काळी प्रसिद्ध माणसं असं काही लपवून ठेवत. तो मुलाखतींत मोकळेपणाने बोलला, आणि पुढे अँथनी क्लेअर या मानसोपचारतज्ज्ञाबरोबर नैराश्यावर एक पुस्तकही त्याने लिहिलं.

‘वेडामुळे असा विनोद सुचला’ हे समीकरण मात्र मला मान्य नाही. आजारपणात त्याला काही सुचत नसे, तो अंधारात पडून राही. ‘क्यू’ हे बऱ्या दिवसांत, मेहनतीने केलेलं काम आहे. मालिकेवर आजाराची छाया दिसते ती वेगळ्या जागी. अधिकारी, अफसर, डॉक्टर, पोलीस अशी हुकूम सोडणारी माणसं तिच्यात सतत येतात आणि त्यांचे हुकूम नेहमी निरर्थक असतात. तोफखान्यातल्या ज्या साध्या शिपायाने असे हुकूम पाळत माणसं मरताना पाहिली, त्याचा राग त्या प्रहसनांत आहे.

आज बघायची तर कुठून सुरुवात करावी?

जे वाचलं ते नंतरच्या काळात डीव्हीडीवर निघालं, आणि तुकडे इंटरनेटवर सापडतात. तुकडे बघू नयेत असं माझं सांगणं आहे. ‘क्यू’ची गंमत एखाद्या विनोदात नसून एकामागून एक सगळं फसत जातं त्यात आहे, एकच प्रहसन कापून बघितलं तर ते नुसतं अपुरं दिसतं. शक्य असेल तर ‘क्यू ५’चा जो भाग हाती लागेल तो आधी पूर्ण बघा. मग पायथनच्या पहिल्या पर्वातले दोन भाग. आणि त्यानंतर ‘क्यू ६’. या क्रमाने बघितलं की कुणी कुणाला काय दिलं ते आपोआप कळतं. शेवटची दोन पर्वं सावकाश, जमलं तर. त्यात चांगले क्षण आहेत, पण ते शोधावे लागतात.

पहिली दहा मिनिटं बहुधा हसू येणार नाही. थांबू नका.

मुलांबरोबर बघता येईल का?

नको. वर सांगितलेल्या दोन्ही कारणांसाठी, वर्णद्वेष आणि बायकांचं चित्रण, ही मोठ्यांनी विचार करत बघायची मालिका आहे. मुलांना मिलिगन द्यायचा असेल तर त्याच्या बालकविता द्या. १९५९ च्या संग्रहातली ‘ऑन द निंग नँग नाँग’ ही निव्वळ आवाजाची, अर्थाला फाटा दिलेली कविता मोठ्याने म्हणून दाखवा. इंग्रजी न येणारं लहान मूलही तिला हसतं.